तिसऱ्या नॉबची टिकली

बाळारामकाका कामाला बसण्याआधी खिशातून टिकल्यांचं पाकीट काढायचे. टिकल्या सुमनकाकूंच्या, लाल आणि अगदी बारीक. शिळफाट्याला टायरवाल्याच्या दुकानावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. तिथल्या टेबलावर काकांचा मिडी कंट्रोलर असे. पाटाएवढी फळी, खाली पेटीसारख्या पट्ट्या आणि वर आठ नॉब. एखाद्या गाण्याला आवाज मनासारखा लागला की नॉबची रेघ जिथे थांबली असेल तिथे काका एक टिकली चिकटवत. पुढच्या वेळी तोच गाणारा आला की हात थेट टिकलीवर. फळीवर छापलेले आकडे त्यांनी कधी वाचले नाहीत.

येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, ही फळीच वाजते. काका सांगत, "हिला गळा नाय. ही नुसती सांगते. गातो तो लॅपटॉप." तसंच असतं ते. नॉब फिरवला की लॅपटॉपला निरोप जातो आणि सॉफ्टवेअरमधला आवाज दबतो, खुलतो, लांबतो. कोणत्या नॉबने काय बदलायचं आणि किती बदलायचं, हे लॅपटॉपवर ठरवावं लागतं. ते काम माझं होतं. माझ्या हातून जे पाप झालं ते या 'किती'मध्येच झालं.

काका मूळचे भीमगीतांच्या पार्टीतले पेटीवाले. तीस वर्षं खोपोलीच्या एका कारखान्यात मोठ्या यंत्रापाशी उभे राहिले आणि उरलेल्या वेळात पेटी वाजवली. निवृत्त झाल्यावर पळसदरीहून रोज माझ्याकडे येऊ लागले. एकदा चांगुणाबाई आल्या, धवले गायला. लग्नात म्हणतात ती गाणी त्यांना शेकड्याने पाठ, पण आवाज वयाने चिरका झालेला. त्यामागचा सूर कमी वाटला म्हणून मी तो वाढवायला गेलो, तर काकांनी माझ्या हातावर चापट मारली. "वाढवू नको रं. उघड. भाताच्या टोपावरचं झाकण सरकवतो ना, तसं." आणि त्यांनी तिसरा नॉब इतका हळू फिरवला की तो फिरतोय हे मला दिसलंच नाही. सूर वर आला आणि चांगुणाबाईंचा चिरकेपणा त्यात मुरून गेला. गाणं संपल्यावर बाईंनी मागे वळून विचारलं, माझ्यासोबत कोण गात होतं? मी ज्याला शिक्षण म्हणतो ते मला त्या दिवशी मिळालं.

पुढे हा तिसरा नॉबच नडला. त्याची टिकली दर महिन्याला थोडी उजवीकडे सरकू लागली आणि आवाज टोकदार होत गेला. खालापूरकडचं एक गिऱ्हाईक हळदीचं गाणं परत घेऊन आलं. लावलं की बायका कानावर हात ठेवतात, म्हणालं. सुमनकाकू फोनवर सांगायच्या की घरात टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जातो, यांना डॉक्टरकडे जा म्हटलं की खेकसतात. मी आडून विचारून पाहिलं, काका, जरा टोचतंय का? "माझे कान शाबूत हायेत. तू आधी हात तयार कर."

मला तो विषय पुन्हा काढायचा धीर झाला नाही. काका यायचे बंद झाले तर, याची भीती होती. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही. मग एका दुपारी ते खाली चहाला गेले असताना मी लॅपटॉपवर तिसऱ्या नॉबची वरची मर्यादा निम्म्यावर आणली. आता नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी आवाज अर्ध्यावरच थांबणार होता. काकांनी तो टोकाला नेला, आता पुरता उघडला असं समजून टिकली लावली, मान डोलावली. गाणी पुन्हा गोड झाली. लोक वाखाणू लागले आणि काका काकूंना ऐकवायचे, बघ, कुठं बिघडलाय माझा कान? डॉक्टरचा विषय घरात संपला. मला वाटलं, मी त्यांची लाज राखली.

जयंतीला त्यांच्या जुन्या पार्टीचा कर्जतला कार्यक्रम होता. काका नुसती फळी घेऊन गेले. लॅपटॉप तिथल्याच एकाचा. नॉब तसेच जोडलेले, पण त्यात माझी मर्यादा नव्हती. पहिल्याच गाण्याला काकांनी तिसरा नॉब सवयीने टोकाला नेला आणि मंडपभर आवाज किंचाळला. पोरं रडायला लागली. काका मात्र डोळे मिटून वाजवत होते. शेवटी कुणीतरी वायर काढली. सगळी आपली माणसं, कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोलीवर आले. चिडलेले नव्हते. लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, दाखव काय केलंयस ते. मी दाखवलं.

"मला ऐकू येत नव्हतं, ते मला कसं कळनार रं? तुला येत होतं ना?"



मग त्यांनी मर्यादा काढायला लावली. म्हणाले, आता तू फिरव, तुझ्या कानाने, बरं वाटेल तिथं थांब. मी फिरवला आणि थांबलो. काकांनी पाकिटातून टिकली काढली, त्या रेघेपाशी लावली आणि अंगठ्याने दाबली.

"एवढंच करायचं होतं. तू सांगितलं असतंस, तर मी हितंच थांबलो असतो."

फळी माझ्याकडेच ठेवून ते जिना उतरले, ते परत आले नाहीत. पुढे त्यांनी कान तपासून घेतले, तेव्हा ऐकणं बरंच गेलं होतं. आधी दाखवलं असतं तर काही वाचलं असतं का, हे मी अजून काकूंना विचारलेलं नाही.

बाकीच्या नॉबच्या टिकल्या केव्हाच झडल्या. तिसऱ्या नॉबची आहे, पण तिचाही डिंक सुटत आलाय. रोज काम सुरू करताना मी ती अंगठ्याने दाबतो. नवी टिकली बाजारात कुठेही मिळेल, पण ती पळसदरीला जाऊन त्यांच्याकडूनच मागून आणायला हवी. काका घरीच असतात. तिथे गेलो की, जे मी इथे लिहिलंय ते त्यांना मोठ्याने सांगावं लागेल.