पाळकसाहेबांची वही

रविवारी चर्चमधल्या उपासनेत आमच्या पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं, तेव्हा पानांतून एक वाळलेलं फूल खाली पडलं. वाचन थांबवून ते वाकले आणि फूल हलकेच उचलून त्यांनी परत जागेवर ठेवलं. सगळे हसले. मला मात्र हेवा वाटला.

मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माझ्या कपाटात वाळवलेल्या झाडांचे शेकडो कागद आहेत आणि प्रत्येकावर नाव, ठिकाण, तारीख आहे. पाळकसाहेब नावं अजूनही मलाच विचारतात. पण उपासनेनंतर त्यांनी आपली वाळवलेल्या फुलांची वही दाखवली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. एका फुलाखाली लिहिलं होतं, 'मार्थाबाईंच्या मातीला गेलो, तेव्हा कबरीपाशी.' दुसऱ्याखाली, 'नव्या बाळासाठी प्रार्थना करून परतताना.' माझ्या कागदांवर माणूस कुठेच नाही.

मी पान उलटलं. तिथे एवढीशी निळी फुलं होती. 'सर आजारी होते, भेटायला गेलो. त्यांच्या फाटकाशी.'

"याचं नाव काय हो, सर?" त्यांनी विचारलं.

नाव मी लगेच सांगितलं. ते माझ्या फाटकाशी उगवतं, हे मला माहीत नव्हतं.