घाट जिंकल्यावरचं जेवण
मासवडीच्या सारणासाठी तीळ-खोबरं भाजायला घेतलं की ओतूरजवळच्या आमच्या अंगणातली ती दुपार आठवते. आमच्या बैलगाड्याने यात्रेतल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पहिला नंबर काढला होता. गाडा जिंकला की मालकाने दारूची पार्टी द्यायची, अशी तेव्हा रीत होती. नवरा पीत नव्हता आणि दारात बाटली आलेली मला चालत नव्हती, म्हणून मी मासवडी-रस्सा केला आणि सगळ्यांना बायकांसह जेवायला बोलावलं. गाड्याला चार बैल लागतात. दोन आमचे होते, दोन भावकीतल्या एका दिरांचे. ते दीर गुलालाने माखलेले आले, चुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, बाटली नाय तर फुडच्या यात्रेला माझे बैल नाय." मी ताट वाढलं आणि म्हणाले, "भाऊजी, आधी जेवा, मग ठरवा." अशा पार्टीला पहिल्यांदाच आलेली त्यांची बायको पंगतीतून बोलली, "वैरण-पाणी मी करती, बैल कुठं पळायचे ते मी सांगन. तुमी रस्सा वरपा." सगळं अंगण हसलं, भाऊजीसुद्धा. मग बायकांनी फुगड्या घातल्या, पुरुषांनी शर्यत पुन्हा पुन्हा रंगवून सांगितली. पुढच्या यात्रेला चारही बैल एकत्र पळाले. नंबर दुसरा आला, तरी जेवण माझ्याच अंगणात झालं. आता आमच्या गावात गाडा जिंकला की पंगतीला बायका असतातच. ही रीत मी पाडली, हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.