हरलेल्या बाजूचे नाना

नानांना काहीही एकट्याने मोजता येत नसे. गणपतीच्या जेवणासाठी लागणाऱ्या खुर्च्या असोत की जेवणं झाल्यावर उरलेल्या पुरणपोळ्या, ते आधी हॉलभर नजर फिरवत आणि ज्याचं आपल्याशी सर्वांत कमी पटतं असा माणूस हुडकून काढत. त्याला समोर बसवत आणि मगच मोजायला लागत. "मित्राबरोबर मोजलं की चूक सापडत नाही," ते म्हणत. "दोघं गप्पा मारत बसतात. मोजायला संशयी माणूस पाहिजे." आमच्या मंडळात संशयी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, त्यामुळे नानांचं काम अडत नसे. जेवण मात्र थंड व्हायचं.

मी तेव्हा मिशिगनमधल्या, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाची चिटणीस होते. म्हणजे हॉल बुक करणं, निमंत्रणं पाठवणं आणि भांडणं झाली की इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहिणं ही माझी कामं. नाना आयुष्यभर एका गाड्यांच्या कंपनीत ब्रेक तपासून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर आमचे बाकीचे काका गोल्फ खेळायला लागले, निदान गोल्फबद्दल बोलायला तरी लागले. नाना मतदान केंद्रावर जाऊन बसायला लागले. सकाळी घरून डबा न्यायचा, दिवसभर लोकांना रांग दाखवायची आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षाच्या कोणा मार्था किंवा डेव्हिडसमोर बसून मतपत्रिका मोजायच्या. घरी आले की शैलाकाकूंना सांगत, "आज फार मजा आली." काकूंना त्यात मजा कुठे होती ते कधी कळलं नाही, पण त्या डबा न चुकता भरून देत.

नानांचा एक पक्ष होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. मी त्या पक्षाला कधी मत दिलं नाही, पुढेही देईन असं वाटत नाही. कर कमी व्हावेत म्हणून नाना एकदा पक्षाच्या सभेला गेले आणि सभा संपेपर्यंत बसून राहिलेले ते एकटेच निघाले, म्हणून पक्षाने त्यांचं नाव काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मोजणी बोर्डासाठी सुचवलं. हे बोर्ड चार जणांचं, दोन्ही पक्षांचे दोन-दोन. निवडणूक झाली की गावोगावचे आकडे तपासायचे, जुळले नाहीत तर विचारायचं आणि मग निकाल मंजूर करून सह्या करायच्या. मंजुरीला दोन्ही पक्षांची निदान एकेक सही लागे. काम इतकं रटाळ की त्यासाठी कोणी भांडत नसे. नाना मात्र सुखात होते. तिथे विरोधक हुडकावे लागत नसत, ते कायद्यानेच समोर आणून बसवलेले असत.

सुधाकरकाका हे नानांचे सर्वांत जुने मित्र. दोघं एकाच वर्षी डेट्रॉइटला आले, एका खोलीत राहिले, दोघांत मिळून एक खटारा गाडी वापरली आणि लग्नंही एकाच सुट्टीत पुण्याला जाऊन उरकून आले. सुधाकरकाका मंडळाचे अध्यक्ष. कधीपासून, असं कोणी विचारत नसे. दर वर्षी त्यांची एकमताने निवड होई. म्हणजे कोणीतरी त्यांचं नाव सुचवी, ते "आता नव्यांनी पुढे यावं" असं म्हणत, नवे आपापल्या मोबाइलकडे बघत आणि टाळ्या होत. आमच्याकडे निवडणुकीची वेळच येत नाही, आपण इतके सुसंस्कृत आहोत, असं आम्ही मुलांना अभिमानाने सांगायचो. मुलं म्हणायची, "सो, नोबडी व्होट्स?" आणि आम्ही विषय बदलायचो.

एका वर्षी प्राजक्ता नावाच्या नागपूरच्या मुलीने खरोखरच पुढे यायचं ठरवलं. मंडळात एवढी खळबळ त्याआधी फक्त केटरर बदलला तेव्हा झाली होती. नानांनी मतपत्रिकांचा आग्रह धरला, एका बाजूला सुधाकरकाकांचा माणूस आणि दुसऱ्या बाजूला प्राजक्ताचा बसवला आणि दोनदा मोजून घेतलं. सुधाकरकाका थोडक्यात हरले. त्यांनी आधी हॉलच्या उजेडाला दोष दिला, मग पेनांना आणि मग नागपूरच्या लोकांना. शेवटी ज्येष्ठांनी तोडगा काढला. प्राजक्ता अध्यक्ष आणि सुधाकरकाका मार्गदर्शक अध्यक्ष. दोघांनाही शाल, दोघांनाही श्रीफळ. जिंकलेला आणि हरलेला यांत फरक राहू नये याची आमच्याकडे फार काळजी घेतात.

पण मंडळाचं मखर, समया आणि स्पीकर सुधाकरकाकांच्या बेसमेंटमध्ये होते, आणि ते काही वर येईनात. गणपती तोंडावर आले. प्राजक्ता फोन करायची आणि सुधाकरकाका सांगायचे, बेसमेंटमध्ये पाणी आलंय. एका शनिवारी नाना व्हॅन घेऊन गेले. मखर उचलायला कोणीतरी हवं म्हणून मी आणि माझा नवराही गेलो होतो. बेसमेंट कोरडं ठणठणीत होतं. नाना म्हणाले, "सुधाकर, मी तुलाच मत दिलं. पण तू हरलास. जिना अरुंद आहे, ते टोक तू धर." सुधाकरकाकांनी एकदा मखराकडे पाहिलं आणि टोक धरलं. नंतर दोघांनी किचनमध्ये बसून चहा घेतला आणि नागपूरच्या लोकांना एकत्र नावं ठेवली.

पुढच्या वर्षी देशाचे अध्यक्ष निवडणूक हरले आणि त्यांनीही हॉलच्या उजेडाला दोष दिला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदम मतमोजणीच्या यंत्रांचे तज्ज्ञ उगवले. ज्यांना घरचा प्रिंटर मुलांच्या मदतीशिवाय चालवता येत नव्हता, ते रातोरात मिशिगनच्या सगळ्या यंत्रांच्या आत काय चालतं ते सांगू लागले. सुधाकरकाका आणि नाना एकाच पक्षाचे, त्यामुळे दोघंही हरले होते. नानांना वाईट वाटलं होतं. सुधाकरकाकांना वाईट वाटलं नव्हतं, कारण त्यांच्या मते अजून काही झालंच नव्हतं. बोर्डाची सभा व्हायची होती, आणि त्या बोर्डावर आपला माणूस होता. पक्षाचा दुसरा सभासद सही करणार नव्हताच, नानांचीही नसली की निकाल मंजूर होणार नव्हता.

म्हणून सुधाकरकाकांनी नानांना चहाला बोलावलं. कोविडचे दिवस होते, तेव्हा चहा गॅरेजमध्ये. शटर उघडं, खुर्च्या लांब लांब, तोंडाला मास्क. गुप्त मसलत करायची होती आणि ती सगळ्यांना ओरडून करावी लागत होती, त्यामुळे समोरच्या घरातला गोरा शेजारी पानं गोळा करता करता थांबून बघत होता. आम्ही दिवाळीच्या फराळाचे डबे परत द्यायला गेलो होतो, ते अडकलो.

"नाना, तू सही करू नको असं आम्ही म्हणत नाही," सुधाकरकाका म्हणाले. "कोणी म्हणतंय का?"

कोणीच म्हणत नव्हतं. आणखी एका काकांनी मान हलवून दुजोरा दिला.

"फक्त त्या दिवशी जाऊ नको. बरं नाही म्हणून सांग. सध्या ताप आला म्हटलं तर कोण विचारतंय यार? उलट थँक्स म्हणतील."

मला मनातून हसू आलं. नावडत्या लग्नाला, नकोशा बारशाला आणि मंडळाच्या साफसफाईला न जाण्यासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जे कारण वापरत आलो, ते आता अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी वापरायचं होतं. नकार द्यायचा नाही, भांडायचं नाही, वाईट दिसायचं नाही. नुसतं अंगात कसकस आहे म्हणायचं.

"मला ताप नाहीये," नाना म्हणाले.

"अरे, नाहीये ते आम्हाला माहितीये."

"आकड्यांत कुठे गडबड आहे ते दाखव. मी सभेत विचारतो, तिथेच अडवून धरतो. एका गावचे आकडे जुळत नव्हते, ते मी कालच दोनदा काढायला लावले. जुळले."

"आकड्यांचं कोण बोलतंय?" सुधाकरकाका म्हणाले. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "पन्नास वर्षांची आपली ओळख आहे, नाना. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

नानांनी कागदी कप खुर्चीखाली ठेवला. "हे सोडून काहीही माग," ते म्हणाले. समोर नुसते आकडे असते तर त्यांना जड गेलं नसतं. समोर सुधाकर होता, आणि तो त्यांना हवा होता.

बोर्डाची सभा आम्ही घरी कॉम्प्युटरवर पाहिली. लोकांना बोलायची मुभा होती आणि लोकांनी ती तासन्‌तास वापरली. कोणी रडलं, कोणी शाप दिले. एकाने नानांना जिथून आलास तिथे परत जा असं सुनावलं. नाना म्हणाले, "नोव्हायहून आलोय. सभा संपली की जाणारच आहे." मग त्यांची पाळी आली. नाना आपल्या पुणेरी इंग्रजीत जे बोलले त्याचा अर्थ एवढाच, की माझा उमेदवार हरला, मला वाईट वाटलं, सही कुठे करायची? एवढ्या थोर लोकशाहीला त्या संध्याकाळी सावरून धरायला एक ब्रेक तपासणारा पेन्शनर लागला. त्याला ते कोणी सांगितलं असतं तर त्याने आधी आकडा दोनदा मोजायला सांगितलं असतं.

मग धमक्यांचे फोन सुरू झाले. सिअ‍ॅटलहून त्यांची मुलगी रोज विचारायची, "बाबा, आर यू सेफ?" नानांचं उत्तर असे की आपण सेफ आहोत, पण फोन करणाऱ्यांना कामाची गरज दिसते. कारण शिव्या देणारा दम घ्यायला थांबला की नाना त्याला सांगत, पुढच्या वेळी मोजायला या, माणसं कमी पडतात. ट्रेनिंग फुकट आहे, डबा घरून आणा. बहुतेक जण फोन आपटत. ओहायोच्या एका बाईंनी मात्र नंतर खरंच आपल्या गावी नाव नोंदवलं आणि नानांना तसं कळवलं. तो निरोप नाना भेटेल त्याला सांगत.

पक्षाने बोर्डासाठी त्यांचं नाव पुन्हा सुचवलं नाही. मंडळाने आपल्या परीने न्याय केला, म्हणजे 'दोन्ही बाजूंनी समंजसपणा दाखवावा' असा ठराव केला. तो मीच लिहिला होता. एका बाजूने सही केली होती आणि दुसऱ्या बाजूने खोटा ताप सुचवला होता, आणि दोघांनी नेमका कसला समंजसपणा दाखवायचा हे ठरावात नव्हतं. सुधाकरकाकांनी नानांशी बोलणं बंद केलं. एकाच हॉलमध्ये एक दाराशी आणि दुसरा स्टेजशी, असे दोघं बसू लागले. नाना आता खुर्च्या मोजायला कोणाला समोर बसवायचे? सर्वांत कमी पटणारा माणूस तर ठरलेला होता, पण तो समोर येत नसे. मग ते मोजायचेच नाहीत.

चार वर्षांनी सुधाकरकाकांची बाजू जिंकली. यंत्रं तीच, मोजणारी माणसंही बरीचशी तीच, पण या वेळी त्यांच्यात कसलाच दोष सापडला नाही. अध्यक्षांचा शपथविधी झाला त्या आठवड्यात काकांनी सगळ्या मंडळाला घरी जेवायला बोलावलं. सरसकट निरोप होता, म्हणून नानाही आले. त्यांनीही त्याच उमेदवाराला मत दिलं होतं की नाही ते मी विचारलं नाही. पेढ्यांचा बॉक्स फिरत फिरत नानांपर्यंत आला, तेव्हा सुधाकरकाकांनी तो दुसरीकडे बघत पुढे केला.

नानांनी पेढा घेतला, खाल्ला. "चांगला आहे," ते म्हणाले. मग शांतपणे विचारलं, "सुधाकर, तेव्हा मी ताप आणला असता, तर या वेळी तिकडच्या कोणालाही आणता आला असता. मग आज तू पेढे कशाचे वाटले असतेस?"

टीव्हीवर कोणीतरी हात हलवत विमानाच्या जिन्यावरून चढत होतं. सुधाकरकाका बॉक्स घेऊन पुढच्या माणसाकडे गेले. कोणीतरी म्हणालं, चला, पानं घेतलीत.

त्याच वसंतात नाना गेले. झोपेत, कोणाला तसदी न देता. शोकसभेत सगळे त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले. नाना किती मनमिळाऊ, किती साधे, रस्त्यावरचा बर्फ शेजाऱ्यांच्या दारापर्यंत कसे काढत. ज्या एका सहीसाठी त्यांनी एवढं गमावलं, तिचा उल्लेख औचित्य म्हणून कोणी केला नाही. शेवटी माइक मार्गदर्शक अध्यक्षांकडे गेला. सुधाकरकाका म्हातारे दिसत होते. खटारा गाडीबद्दल बोलताना त्यांना रडू आलं, आणि ते रडणं खरं होतं.

मग ते म्हणाले, "शेवटची काही वर्षं नाना माझ्याशी बोलत नव्हता. मी वाट पाहिली. पण मी मनात काही ठेवलेलं नाही."

लोकांनी माना हलवल्या. खरं काय ते हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण शोकसभेत आमच्याकडे कोणी कोणाला खोडत नाही.

"भावजी," शैलाकाकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "ते बोलत होते. दर दिवाळीला सकाळी तुम्हाला फोन लावायचे. तुम्ही उचलत नव्हता."

सुधाकरकाकांच्या बायकोने त्यांना खाली बसायची खूण केली. प्राजक्ता माइक घ्यायला पुढे झाली. काकांनी माइक सोडला नाही आणि ते बसलेही नाहीत. मला वाटलं, आता बेसमेंटमध्ये पाणी येणार.

"हो, वहिनी," ते म्हणाले. "मीच उचलत नव्हतो. त्याचं बरोबर होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं."

मग त्यांनी माइक प्राजक्ताच्या हातात दिला आणि शैलाकाकूंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. काकूंनी पर्समधून रुमाल काढून त्यांना दिला. हे सगळं ऐकायला त्या खुर्चीत नाना हवे होते.