गोठ्यापाशी बांधायचा कुत्रा

ऊसतोडीची टोळी पारगावहून निघून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कुत्रा घरी आणला. मार्च संपत आला होता. टोळीच्या राहायच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, मोडल्या होत्या. चुलीचे दगड आणि हा कुत्रा तिथंच राहिले होते. साताठ महिन्यांचा असावा. रंग तांबूस, कान पडलेले.

आणला चुलत दिरांनी, मोटरसायकलवर पुढ्यात बसवून.

“वैनी, ह्याची आई गावठी अन् बाप बंगल्यातला दिसतोय,” ते म्हणाले. “भुकायचं तेवढं आईकडनं घ्यायला इसारलाय.”

कुत्रा उतरला. त्यानं माझे पाय चाटले, सासूबाईंचे चाटले, मग जाऊन कालवडीचं तोंड चाटलं.

“हा काय राखण करणार?” मी विचारलं.

“राखणीला कुठं आणलाय?” सासूबाई म्हणाल्या. “गोठ्यापाशी बांधायचा. बिबट्याला कुत्रं घावलं तर त्यो कालवडीकडं बघत न्हाई.”

ऊस तुटला की आमच्याकडं बिबटे उघड्यावर येतात. बरेच जण कुत्रा याच हिशोबानं बांधतात. मी आळेफाट्यावर बसून एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवते. वासरू गेलं तर चार ओळी जातात. कुत्रा गेल्याची बातमी मी कधी दिलेली नाही.

कालवड तीन महिन्यांची होती. तिची आई विताना गेली, तेव्हापासून सासूबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. गोठा तिन्ही बाजूंनी उघडा. जाळी बसवायचं बोलणं दोन वर्षं चाललं होतं. नवरा चाकणला कामाला, येतो तो रविवारी, आणि रविवारी झोपतो.

रोज संध्याकाळी मी कामावरून आले की कुत्र्याची साखळी सोडत असे. कुत्रा उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, असा घरचा नियम. म्हणून मी त्याला मागच्या दारानं न्हाणीघरात कोंडत असे. सासूबाई पाहत. एकदा म्हणाल्या, “कालवड गेली तर तुझं कुत्रं दूध देणार हाय का?”

मी भाकरी थापायला बसले.

बाराव्या दिवशी एक बैठक लांबली. साडेपाचला मी फोन केला. “आई, कुत्र्याला आज तेवढं आत घ्या.”

“गोठ्यापाशी हाय त्यो. ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. नंतरचे तीन फोन त्यांनी उचलले नाहीत. फाट्यावर वाहनं अडली होती. घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता.

गोठ्यापाशी साखळी पडली होती. कालवडही नव्हती. मी मोबाईलच्या उजेडात जमीन पाहिली. रक्त नव्हतं. ओढत नेल्याची खूण नव्हती.

घराचं दार आतून लावलेलं होतं. सासूबाईंनी ते उघडलं. पुढच्या खोलीत पोती अंथरून कालवड बसवली होती, दावं खाटेच्या पायाला. कुत्रा तिच्या पोटाला टेकून झोपला होता.

“शेजारचं कुत्रं नेलं,” त्या म्हणाल्या. “सूर्य मावळायच्या आत. अन् घटकाभरात तिथूनच शेळी नेली. कुत्र्यावर भागतंय कुठं त्याचं?”

मी कुत्र्याकडं पाहिलं.

“कालवड आत आणली, मग ह्याला बाहेर कशापायी ठेवू? तिथं हाय काय आता?” त्या खाटेवर टेकल्या. “शेण मात्र तू काढायचं. माझं कंबरडं मोडलंय.”

मी दोनदा शेण काढलं.

सकाळी रिकाम्या गोठ्यात ओल्या मातीवर बिबट्याचे ठसे होते. वनरक्षक आले, त्यांनी टेप लावून मोजले. मादी आहे आणि तिच्यासोबत एक पिल्लू आहे, असं त्यांनी सांगितलं.