आईबाप गॅलरीत

"आईबाप गॅलरीत," असं म्हणून काकू उजव्या हाताची दोन बोटं दाराकडे करायच्या. मग मुलाचा दंड अंगठ्यात आणि बोटात धरून हलकेच दाबायच्या. एकदा वर, एकदा कोपराजवळ. डॉक्टर तपासतात तसं मात्र नाही. बाजार समितीत व्यापारी गोणीतला कांदा उचलून दाबून बघतो ना, अगदी तसं.

कारण काकू चांदवडच्या. माहेरी कांदा साठवायच्या चाळी. नवरा गेल्यावर त्यांनी गंगापूर रोडला आमच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर पाळणाघर काढलं, पण मुलांबद्दलचं ज्ञान शेवटपर्यंत चाळीतलंच राहिलं. त्यांच्या मते जगात मुलं दोन प्रकारची, उन्हाळी आणि लाल. उन्हाळी कांदा चाळीत भरला की पावसाळाभर टिकतो. लाल कांदा दिसायला झकास, पण ठेवला की सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. तेव्हा पाळणाघरात मूल घ्यायचं ते उन्हाळीच. झालं, संपलं बालमानसशास्त्र!

या दाबादाबीला त्या 'मुलाखत' म्हणायच्या. नव्वदनंतरचा काळ. नाशिकमध्ये तेव्हा लहान मुलांच्या मुलाखती घ्यायची साथच आली होती. बालवर्गात जायचं तर मुलाखत, चित्रकलेच्या क्लासला जायचं तर मुलाखत. मग काकूंनीच काय घोडं मारलं होतं?

आईबाप गॅलरीत गेले की काकू दार लावून घेत. "ज्यांचं मूल, ते बाहेर. आत परक्यानंच बघायचं," हा नियम. मग वाळत घातलेल्या दुपट्यांच्या आडून, खिडकीच्या गजांना नाक लावून, दोन शिकलेली माणसं आत काय चाललंय ते बघत उभी. आत सतरंजीवर मूल, समोर ताटलीत द्राक्षं आणि खुर्चीत काकू. मूल रडलं, दाराकडे धावलं, मग हळूहळू द्राक्षांकडे वळलं की ते उन्हाळी. "घेतलं!" असं काकू गॅलरीकडे बघून ओरडत आणि भिंतीवरची एक खुंटी दाखवत. घेतलेल्या प्रत्येक मुलाला पिशवी अडकवायला स्वतःची खुंटी मिळे. जे मूल रडलंच नाही, ते लाल. वरून गोड, आतून नासकं.

हे एकदा षट्कर्णी झाल्यावर आईबापांनी जे केलं ते तुम्हीही पाहायला हवं होतं. एका प्राध्यापकबाईंनी मूल वेळेवर रडावं म्हणून जिन्यातच त्याला चिमटा काढला. पंचवटीतल्या एका कुटुंबाने मुलाखतीसाठी मुहूर्त काढून आणला होता, आणि तो टळू नये म्हणून रिक्षावाल्याला असा काही पिटाळला, की पोर वाटेतच सगळं रडून बसलं आणि काकूंसमोर गाढ झोपलं. "लाल," काकू म्हणाल्या. मुहूर्त गेला गोदावरीत.

बरं, काकूंचं निदान कधी बरोबर निघालं असेल, तर तेही नाही. माझ्या पाहण्यात तरी नाही. 'अस्सल उन्हाळी' म्हणून छातीठोकपणे घेतलेल्या एका मुलाने आठवड्यात तीन मुलांना चावे घेतले आणि चौथा काकूंना. त्याला परत पाठवताना काकूंचा चेहरा ढिम्म.

"काकू, हे तर उन्हाळी होतं ना?" मी मुद्दाम विचारलं.

"यंदा पाऊस लवकर लागला," काकू म्हणाल्या.

अशा या बाईपुढे माझी दोन वर्षांची मुलगी घेऊन उभं राहायची वेळ माझ्यावर आली. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. बिनपगारी रजा वाढवून वाढवून संपली होती आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. नवरा अंबडच्या कारखान्यात पाळीवर. जवळपास दुसरं पाळणाघर नाही. इतकी वर्षं मी ज्यांना हसले होते, त्यांच्यासारखीच त्या दिवशी मी गॅलरीत दुपट्यांमागे उभी राहिले आणि देवाला म्हटलं, कार्टीला रडू येऊ दे.

कार्टी रडली नाही. मी बाहेर गेल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. तिने ताटलीतली सगळी द्राक्षं खाल्ली, साल तेवढी काकूंच्या हातावर ठेवली आणि सतरंजीवर आडवी झाली.

"लाल हाय गं पोरगी," काकू दार उघडून म्हणाल्या. "आठ दिवस टिकायची नाय."

"काकू, सोमवारी हजर झाले नाही तर माझी नोकरी जाईल."

"मग हो की हजर. मी कुठं अडवलंय? सासू कुठंय तुझी?"

"येवल्याला. घरात पैठणीचे दोन माग आहेत, ते सोडून त्या यायच्या नाहीत."

"मग माझीच चाळ नासवायची का तू?"

चाळ! मला असा संताप आला. सोमवारी सकाळी मी मुलीला पिशवीसकट त्यांच्या सतरंजीवर बसवलं आणि तडक जिना उतरले. वरून आवाज आला, "घेतली नाय हां मी तिला! नुसती ठेवलीय!"

त्या 'नुसत्या ठेवण्या'ला खुंटी नव्हती. मुलीची पिशवी स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला लटकायची. संध्याकाळी मी गेले की काकू मुलीचा दंड दाबायच्या आणि ती माझ्या हवाली करत म्हणायच्या, "आज टिकली. उद्याचं सांगत नाय."

दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्या वर्षीही तेच. त्या वाक्याचा मला इतका राग होता की एकदा मी म्हटलं, "काकू, एखादी खुंटी द्या ना हिला, चार रिकाम्या आहेत." तर म्हणाल्या, "निकाल लागल्याबिगर खुंटी नाय." हेकेखोरपणाला औषध नसतं.

त्यांनी खुंट्या दिलेली मुलं आली आणि गेली. माझी कडीवरची मुलगी शाळेत जाऊ लागली, शाळा सुटल्यावर काकूंकडेच यायची, लहानांना खिमट भरवायची. काकूंच्या मुलाखतीत बसून "ही लाल वाटते" असं गंभीरपणे सांगायलाही शिकली. माझ्या पोटची पोर आणि हे तिचं शिक्षण! दोघींचे निकाल सारखेच चुकायचे.

मग कॉलेज रोडला भिंतींवर ससे-हत्ती काढलेली, इंग्रजी नावांची डे-केअर निघाली. तिथे मुलाला कोणी दाबून बघत नसे, थेट घेत. काकूंकडची सतरंजी रिकामी होत गेली. शेवटी त्यांनी अंथरूण धरलं. त्यांचा पुण्यातला मुलगा दोन दिवसांची सवड काढून आला आणि आईसाठी दिवसभराची बाई शोधायला बसला. एक बाई आली. त्याने तिला पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच पलंगावरून दोन बोटं वर झाली.

"तू गॅलरीत," काकू म्हणाल्या. "ज्याचं माणूस, तो बाहेर."

एवढा मोठा साहेब माणूस, पण गेला निमूट. काकूंनी बाईचा दंड दाबला आणि "उन्हाळी" म्हणून सांगितलं. ती बाई चौथ्या दिवशी न सांगता पळाली. साहेब तोवर पुण्याला पोचले होते.

उरली माझी मुलगी. शाळेतून आली की तशीच काकूंकडे. पेज भरव, पाठीला पावडर लाव, पेपर वाचून दाखव. मी कधी सांगितलं नाही, काकूंनी कधी बोलावलं नाही. मी कचेरीतून येताना तिला न्यायला जायची, पूर्वी जायची तशीच. एका संध्याकाळी गेले तर काकूंनी तिचा दंड धरला होता. बोटांत जोर राहिला नव्हता. बराच वेळ नुसत्या धरून होत्या.

"घेतली गं हिला," त्या मला म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, "दप्तर खुंटीला लाव."

भिंतीवरच्या सगळ्याच खुंट्या रिकाम्या होत्या. मुलगी आठवीत होती. दोन वर्षांच्या पोरीचा निकाल लावायला बाईंना इतकी वर्षं लागली, असं काहीतरी खवचट माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी पुढे होऊन काकूंची चादर सारखी केली. मुलीने कडीवरचं दप्तर काढलं आणि खिडकीजवळच्या खुंटीला अडकवलं. घरी येताना ते तिथेच ठेवलं.

सकाळी ते आणायला गेली, तेव्हा काकू गेलेल्या होत्या.

दुपारपर्यंत मुलगा आला, इमारतीतली माणसं जमली. खोली भरली. माझी मुलगी कुठे दिसेना. शोधलं, तर ती गॅलरीत उभी होती, रिकाम्या दोऱ्यांखाली, गजांना नाक लावून आत बघत.

"अगं, आत ये ना. इथे काय करतेस?" मी म्हटलं.

"आत परक्यांनी बसायचं असतं, आई," ती म्हणाली.