तेरचं लग्न आणि आषाढातलं अपडेट

आमच्या धाराशिवच्या स्टुडिओत अपडेट कधी करायचं हे पंचांग ठरवतं. नियम चाचांचा. चाचा माझे भागीदार, वयानं पंधरा वर्षांनी मोठे, कॅसेटच्या काळापासून लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारे. आषाढातली शेवटची लग्नतिथी त्यांना भटजींच्या आधी ठाऊक असते. ती उलटली, हातातली सगळी लग्नं घरपोच झाली, की मगच नवी सिस्टीम, नवं सॉफ्टवेअर. तेही आधी वेगळ्या डिस्कवर, एखादं जुनं लग्न उघडून बघायचं. आवाज, टायटल, रंग, सगळं.

मला हा भित्रेपणा वाटायचा. एकदा भर वैशाखात, चाचा जुम्याच्या नमाजला गेलेले असताना, मी मोठ्या मशीनवर सिस्टीम आणि सॉफ्टवेअर दोन्ही अपडेट केलं. नव्यात बँडचा गोंगाट कमी करायची सोय होती, तेवढ्याच लोभानं. तेर गावचं एक लग्न अर्धं कापून झालं होतं. ते उघडलं, पण टायटलच्या जागी लाल पट्ट्या, आणि मंगलाष्टकांचा आवाज भटजींच्या ओठांमागं राहू लागला. घाबरून मी सेव्ह केलं. नव्या सॉफ्टवेअरात सेव्ह झालेलं ते मग चाचांच्या जुन्या मशीनवरही उघडेना.

नवरीचा भाऊ फौजेत. लग्नाला त्याला रजा मिळाली नव्हती. आता चार दिवस आला होता, रविवारी पहाटे परत निघणार होता. शनिवारी घरच्यांत बसून बहिणीचं लग्न बघायचं, एवढंच त्याचं मागणं. त्याच्या वडिलांचा फोन आला आणि मी सांगून टाकलं की आमच्या चाचांची जुनी मशीन बिघडली. फोन ठेवून वळलो तर चाचा दारात उभे, डोक्यावर टोपी तशीच.

ते रागावले नाहीत. कपाटातून एक डिस्क काढली. रोज काम संपलं की ते त्यात नक्कल ठेवायचे. मला त्याचं हसू यायचं.

"कालपर्यंतचं सगळं हाय," ते म्हणाले. "आज सकाळचं तेवढं गेलं. सरक बाजूला."

शनिवारी दुपारी वडील न्यायला आले. जाताना म्हणाले, "चाचा, आता तरी त्या खटाऱ्याला निरोप द्या की."

"देऊ की, पावणं," चाचा हसले.

त्यांच्या लेकीचं लग्न त्याच खटाऱ्यावर कापून पुरं झालं होतं. मी पेन ड्राइव्ह पिशवीत घालत राहिलो.

तेव्हापासून दर आषाढात चाचा नव्या सॉफ्टवेअरवर तेरचंच लग्न उघडतात. त्यात सगळी अवघड कामं एका जागी आहेत म्हणतात. टोचून दाखवणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि मला तेच सोसत नाही. यंदा पडद्यावर नवरीचे वडील अक्षता वाटताना दिसले आणि मी म्हणालो, "चाचा, यांना मी अजून खरं सांगितलं न्हाय."

"ठाव हाय. आधी आवाज जुळतोय का बघ, मग फोन लाव."

आवाज जुळला होता. मी नंबर शोधू लागलो.