शाफ्टवरचा पांढरा पट्टा

वीजघरात त्यांना सगळे ‘सावकाश’ म्हणत. बदलून आलेल्या एका साहेबांना तर ते त्यांचं आडनावच वाटलं होतं आणि कित्येक महिने ते अगदी अदबीनं ‘मिस्टर सावकाश’ म्हणून हाक मारत होते. मशीन चालू करताना, बंद करताना, कुणी जिन्यावरून धडधडत उतरताना दिसलं तरी त्यांच्या तोंडून तोच एक शब्द निघायचा. घरी बायको म्हणायची, “घराला आग लागली तरी हा माणूस बादली सावकाशच आणेल. वर विचारेल, पाणी गार हवं की कोमट?”

वीजघर डोंगराच्या पोटात होतं. वर एक तलाव, खाली एक तलाव आणि मधे उतारावरून आलेला, आत माणूस उभा राहील एवढा पाइप. वरचं पाणी त्या पाइपातून खाली झेपावायचं, टर्बाइन गरगर फिरवायचं आणि दमल्यासारखं खालच्या तलावात जाऊन पडायचं. टर्बाइनचं फिरणं जनरेटरपर्यंत पोचवायचा तो शाफ्ट, कवेत न मावणारा लोखंडी खांब. सावकाशांचं सगळं आयुष्य त्या खांबाच्या अवतीभवती गेलं.

ते हेल्पर म्हणून लागले तेव्हा तिथे एक जुना फोरमन होता. तोंडाचा तिखट. पहिल्याच दिवशी त्यानं सावकाशांना शाफ्टपाशी उभं केलं आणि विचारलं, “कुठल्या बाजूला फिरतोय?”

“डावीकडून उजवीकडे.”

“आणि उलटा फिरताना दिसला तर?”

“तुम्हाला विचारायला येईन.”

फोरमननं डोक्यात टपली मारली. “तू मला शोधत बसशील तोवर बेअरिंगची राख होईल. हे बेअरिंग एकाच बाजूच्या फिरण्यासाठी बनवलंय. उलटं फिरलं की तेल आत शिरत नाही, लोखंडावर लोखंड घासतं. उलटा दिसला की हे लाल बटण. आधी हात, मग डोकं. काय?”

“आधी हात, मग डोकं.”

गुळगुळीत खांब हळू फिरत असला की कुठल्या बाजूला फिरतोय ते डोळ्याला कळत नाही. म्हणून फोरमननं त्यावर एक उभा पांढरा पट्टा ओढून ठेवला होता. फोरमन गेला, पट्टा सावकाशांकडे आला. दर वर्षी मशीन खोलून साफ केलं की ते स्वतः ब्रश घेऊन तो नव्यानं रंगवायचे. पुढे सेन्सर आले, स्क्रीनवर सगळं दिसू लागलं, तरी ड्यूटीवर आल्यावर ते आधी खाली उतरून पट्ट्यासमोर उभे राहायचे आणि मगच वर कंट्रोल रूममध्ये जायचे. त्यांच्याबरोबरचा ऑपरेटर, ज्याच्या तोंडाला कधी विश्रांती नसल्यामुळे सगळे त्याला ‘रेडिओ’ म्हणत, तो हसायचा. “झालं का दर्शन? काय म्हणतोय खांब?”

“बरा आहे. तुझी चौकशी करत होता.”

हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला सावकाशांनी तोच प्रश्न विचारला, तीच टपली मारली. त्यांच्या पुतणीलाही ती चुकली नाही. भाऊ आणि भावजय अपघातात गेले तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती वाढली. सावकाशांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि तिच्यामुळे ते नसल्याचं त्यांच्या फारसं लक्षातही राहिलं नाही. ती शिकली, इंजिनियर झाली आणि फिरून त्याच वीजघरात आली, ती नव्या कामाची इंजिनियर म्हणून.

नवं काम काय, हे तिनं काकाकाकूंना जेवताना समजावलं होतं. आता दुपारी उन्हापासून एवढी वीज होते की तिचं काय करायचं ते कळत नाही. आणि संध्याकाळी सूर्य बुडाला, घरोघरी दिवे लागले की नेमकी तेव्हाच ती अपुरी पडते. मग दुपारची जास्तीची वीज वापरून खालच्या तलावातलं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची. “म्हणजे तलाव नाही, बॅटरी समजा.”

“चढवायला जेवढी लागते तेवढी परत मिळते?” सावकाशांनी विचारलं.

“नाही. थोडी कमीच.”

“मग तोट्याचा धंदा की.”

“पण हवी तेव्हा मिळते ना, काका. रात्रीची उरलेली पोळी आपण सकाळी खातो, ती काय रात्रीतून वाढते म्हणून?”

काकू म्हणाली, “बरं, बॅटरीबाई, ताट उचला.”

मशीन मात्र दोन्ही कामांना एकच असणार होतं. पाणी खाली येताना ते डावीकडून उजवीकडे फिरणार आणि वीज करणार. पाणी वर चढवताना तेच उजवीकडून डावीकडे फिरणार आणि पंप होणार. नवं मशीन, नवं बेअरिंग, दोन्हीकडे चालणारं.

“म्हणजे उलटं फिरणार.”

“उलटं नाही हो. दोन्ही बाजू सुलट्याच आता.”

प्रश्न होता तो मशीन चालवणाऱ्याच्या खुर्चीचा. मुख्य कार्यालयाला सगळी वीजघरं दूरच्या शहरातल्या एकाच खोलीतून चालवायची होती. रेडिओ म्हणायचा, “उंटावरून शेळ्या हाकणार लेकाचे!” पण हसताना त्याचा आवाज कोरडा पडायचा. त्याची म्हातारी आई क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळलेली होती. बदली झाली तर तिला उचलून न्यायचं कुठे? पुतणी या लोकांसाठी कार्यालयात भांडली. शेवटी मोठे साहेब म्हणाले, ठीक आहे, उद्‌घाटनाच्या दिवशी तुमच्या माणसानं पाहुण्यांसमोर मशीन हाती घेऊन चालवून दाखवावं. मग बघू. माणूस कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

त्यानंतर घरात शाळा भरू लागली. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून पुतणी शिकवायची आणि सावकाश चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून शिकायचे. स्क्रीनवर एक बाण होता. उजवीकडे वळला तर वीज, डावीकडे वळला तर पंप.

“काका, बाण बघा, बाण!”

“बघतोय. तू ओरडतेस तेव्हा तोही घाबरतो.”

हळूहळू जमलं. डोळे मिटूनही क्रम सांगता येईल इतकं जमलं. रेडिओ वाटेत गाठून म्हणायचा, “काय विद्यार्थी, पास होणार ना? आमचं पोट तुझ्या बोटावर आहे, बाबा.”

“सावकाश,” ते म्हणायचे. “होईल.”

उद्‌घाटनाच्या दिवशी दुपारी पाहुणे आले. सावकाश वर कंट्रोल रूममध्ये इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसून होते. मोठ्या साहेबांनी दारातून आत डोकावलं आणि तोंड वाकडं केलं. “एवढ्याशा खोलीत माणसं मावणार कशी? फोटोत काय दिसणार? खाली मशीनजवळही बटण आहे ना? तिथेच करू.”

“सर, यांचा सराव स्क्रीनवर झालाय,” पुतणी म्हणाली.

“बटण वेगळं आहे का?”

तिनं सावकाशांकडे पाहिलं. त्यांना उलट बरंच वाटलं. खाली म्हणजे त्यांचं अंगण. “चालेल की,” ते म्हणाले.

खाली सगळे अर्धवर्तुळ करून उभे राहिले. नव्या शाफ्टवर सावकाशांनी आदल्या आठवड्यात पांढरा पट्टा ओढला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हरकतही घेतली नव्हती. त्यांनी हिरवं बटण दाबलं. हवेचा फूत्कार झाला, जमीन किंचित थरथरली आणि पट्टा हलला.

उजवीकडून डावीकडे.

त्यांना माहीत होतं. सकाळी दाढी करताना त्यांनी बायकोला सांगितलंसुद्धा होतं, आज पट्टा उलटा जाणार बघ. पण टेबलावरच्या स्क्रीनवर पट्टा नव्हता, बाण होता. इथे समोर पट्टा होता आणि तो उलटा चालला होता. त्यांचा हात उठला आणि लाल बटणावर आपटला.

मशीन थांबलं. पाहुण्यांपैकी एकानं, एवढंच असतं असं समजून, टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही दोनचार वाजवल्या आणि मग एकेक करून थांबले.

“काय झालं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“उलटं फिरलं,” सावकाश म्हणाले, आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मग त्यांचं डोकं चाललं.

कुणीतरी हसलं. पुतणी हसली नाही. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि एवढंच म्हणाले, “तुम्ही घ्या.” फोन खिशात परत जायच्या आतच फूत्कार झाला, जमीन थरथरली, पट्टा डावीकडे निघाला, वेग घेत घेत दिसेनासा झाला. खालचं पाणी वर चढू लागलं. कुणीही कशालाही हात लावला नव्हता. या वेळी टाळ्या जोरात पडल्या. फोटोत साहेब आहेत, पुतणी आहे, आणि कडेला हात पाठीमागे बांधलेल्या एका माणसाचा अर्धा खांदा आला आहे.

महिन्याभरात निर्णय आला. कंट्रोल रूम बंद, ऑपरेटरांच्या बदल्या चार दिशांना, क्वार्टर रिकामी करायची. पुतणीची नेमणूक शहरातल्या त्या खोलीत झाली. मोठं पद होतं. त्या दिवसापासून रेडिओ बंद पडला. सावकाश समोरून आले की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

घरात बांधाबांध चालली होती. काकू आतल्या खोलीत भांडी कागदात गुंडाळत होती. सावकाश आणि पुतणी एका खोक्याला दोरी बांधत होते.

“एक विचारू?” सावकाश म्हणाले. “साहेब फोनवर दोनच शब्द बोलले. कुठलं मशीन, काय करायचं, काही नाही. आणि मशीन लगेच फिरलं. पलीकडचा माणूस तयार बसला होता.”

पुतणीनं दोरीची गाठ आवळली.

“तिकडची खुर्ची कधी मांडली?”

“काका…”

“मी कॉम्प्युटर शिकायला लागलो त्याच्या आधी की नंतर?”

ती बराच वेळ गाठीशीच झटत राहिली. “आधी,” ती म्हणाली.

“तुला माहीत होतं.”

“मला वाटलं, तुम्ही नीट करून दाखवलंत तर माझ्याकडे भांडायला काहीतरी असेल. कदाचित ऐकलं असतं त्यांनी.”

“कदाचित.”

“हो. कदाचित.”

“आणि तुझी शहरातली जागा? तीही तेव्हाच ठरली?”

तिनं दोरीचं उरलेलं टोक खोक्याखाली खोचलं. आतून काकूनं हाक मारली, “अगं, मोठी कढई कुठल्या खोक्यात घालू?” आणि पुतणी उठून आत गेली. “कुणाला सांगू नका,” असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर सावकाशांना तिच्यावर चिडायला तरी जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिची गाडी गेली. सावकाश तिला फाटकापर्यंत सोडायला आले होते. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर रेडिओ बसला होता. गाडीतून पुतणीनं हात हलवला तसा तो उभा राहिला आणि त्यानंही हात हलवला. गाडी वळणाआड गेली. रेडिओ या वेळी रस्ता ओलांडून गेला नाही.

“गुणाची पोर,” तो म्हणाला. “आपल्यासाठी जिवाचं रान केलं तिनं.”

सावकाश बाकावर बसले. टपरीवाल्यानं न सांगता ग्लास पुढे केला.

“आयुष्यभर सावकाश, सावकाश करत राहिलास,” रेडिओ म्हणाला. “आणि नेमकी त्याच दिवशी तुला घाई झाली.”

“हं.”

“आईला भावाकडे ठेवतोय. तो नको म्हणतोय, वहिनी त्याहून नको म्हणतेय. तरी ठेवतोय.” त्यानं ग्लास हातात फिरवला. “एकच सांग मला. खरं सांग. तू ते बटण दाबलं नसतंस, तर राहिलो असतो ना आपण इथे?”

उत्तर सावकाशांच्या जिभेवर होतं. खुर्ची आधीच मांडलेली होती, एवढं म्हटलं की झालं. पण रेडिओला ते ओळखून होते. त्याचा पुढचा प्रश्न तयारच असणार: ‘हे कुणाकुणाला माहीत होतं?’ वळणावर गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती.

“राहिलो असतो,” ते म्हणाले.

रेडिओनं मान हलवली, जणू त्याला एवढंच हवं होतं. अर्धा चहा त्यानं टपरीमागच्या गटारात ओतला, ग्लास बाकावर सावकाशांच्या बाजूला ठेवला आणि कॉलनीच्या दिशेनं चालू लागला.

“दोन्ही चहा याच्या नावावर लिही,” जाता जाता त्यानं टपरीवाल्याला सांगितलं.